दुरुस्तीची सही

बीदरकरांना आकाशातल्या घरघराटाचं अप्रूप नाही. हवाई दलाचं सूर्यकिरण पथक 1996 मध्ये इथंच उभं राहिलं, त्याच्या कसरती आपण गच्चीवरून पाहिल्या. तरीही भालकीला बहिणीकडे गेले तेव्हा भाची म्हणाली, "मावशी, मी विमानं उडवणार नाही, दुरुस्त करणार," आणि तिची अज्जी गडबडली. "दुरस्ती? इदु एंथ केलस?"

हा शब्द मराठीतही आपला, कानडीतही. मान मात्र दोन्हीकडे कमी.

मग मी नेट सेंटची गोष्ट काढली. महायुद्धात विमानं चालवलेल्या बेटी ग्रीन या अमेरिकन बाईंनी 1946 मध्ये जुन्या 'वॅको' विमानातून मिशनऱ्यांना मेक्सिकोला नेलं. जिथं रस्ता नाही तिथं माणसं, टपाल, औषधं पोचवायची, या मिशन एव्हिएशन फेलोशिपच्या कामाची ती सुरुवात. पुढं दुसऱ्या वैमानिकाच्या हातून ते विमान उतरताना मोडलं. तेव्हा बोलावणं गेलं ते दुरुस्ती जाणणाऱ्या नेट सेंटला. त्यानं ते पुन्हा उभं केलं. नंतर इक्वेडोरच्या जंगलावर उडताना, एकाच इंजिनाच्या विमानात मुख्य इंधनपुरवठा बंद पडलाच तर हाताशी असावी म्हणून त्यानं पर्यायी सोयही बसवली. प्रार्थना तो करीत होताच, पण नळीही स्वतः तपासत होता.

अज्जींनी विचारलं, "पुढं जगला का तो?"

मी लपवलं नाही. 1956 च्या जानेवारीत तो आणि त्याचे चार सोबती तिथल्या वाओरानी लोकांच्या भाल्यांनी मारले गेले. विमानानं दगा दिला नव्हता.

अज्जी बराच वेळ गप्प होत्या. भाचीनं मग शांतपणे सांगितलं: लहान विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात, एक बिघडला तरी दुसरा चालतो. दुरुस्ती झाली की परवानाधारक अभियंता तपासून सही करतो. त्या सहीशिवाय विमान उडत नाही. त्यासाठी बारावीला भौतिक, रसायन आणि गणित हवं.

"म्हणजे आत बसणाऱ्यांचा जीव तुझ्या सहीवर?"

"हो अज्जी."

वाचकहो, मुलीच्या कामाला 'मेकॅनिकी' म्हणून नाक मुरडण्याआधी एवढं लक्षात ठेवू या. अज्जींनी तर नाक मुरडणं केव्हाच सोडलंय. त्यांचा आता एकच प्रश्न उरलाय: सही कानडीत करायची, की मराठीत?