जगज्जेता होण्याची अट कुणी घातली?

नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जुलै २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. विदर्भाची मान उंचावली. पण बुद्धिबळाला आणखी एक दार आहे: संगणकाला हा खेळ शिकवणारा प्रोग्रॅम लिहिण्याचे. जो स्वतः पट्टीचा खेळाडू नाही, त्याने त्या दाराकडे फिरकू नये, असा समज रूढ आहे. हा समज आम्हाला मान्य नाही.

इतिहास काय सांगतो? मिखाईल बोटविनिक तीनदा जगज्जेते झाले. ते विद्युत अभियंतेही होते. त्यांनी अनेक वर्षे बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमवर खर्ची घातली, पण त्यांचा 'पायोनियर' स्पर्धांत नाव कमावू शकला नाही. उलट, मे १९९७ मध्ये कास्पारोव्हला ३.५ विरुद्ध २.५ गुणांनी हरवणाऱ्या 'डीप ब्लू'ची चिप रचणारे फेंग-शुंग श्यू हे साधे हौशी खेळाडू होते. सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणारे यंत्र त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उभे केले. ग्रँडमास्टर जोएल बेंजामिन त्यांच्या मदतीला होते, हेही खरेच. म्हणजे खेळाचे ज्ञान लागते. पण ते एकाच डोक्यात असावे लागत नाही.

आज तर कसोटी आणखी उघड आहे. 'स्टॉकफिश' या मोफत प्रोग्रॅममध्ये कुणी बदल सुचवला, तर जुनी आणि नवी आवृत्ती हजारो डाव एकमेकींशी खेळतात. निकाल आकडे देतात. सुचवणाऱ्याचे मानांकन, आडनाव, गाव कुणी विचारत नाही.

म्हणूनच हा प्रश्न मुलचेऱ्याचा आहे. मानांकन मिळवायचे तर प्रशिक्षक हवा, स्पर्धांची फी हवी, दूरच्या शहरांचा प्रवास हवा. जंगलपट्ट्यातील गोंड, बौद्ध किंवा बंगाली वसाहतीतील मजुराच्या मुलाला हे कसे परवडावे? मानांकनाची अट म्हणजे पैशाचीच अट. तिला 'गुणवत्ता' हे गोंडस नाव दिले जाते एवढेच.

अर्थात प्रोग्रॅम लिहायलाही संगणक, वीज आणि शिकवणारा माणूस लागतो. आमची मागणी नेमकी तीच आहे. मुलचेऱ्यातील शाळा-आश्रमशाळांना चालू संगणक आणि प्रोग्रॅमिंग शिकवणारा शिक्षक द्या. घोडा अडीच घरे चालतो, एवढे ठाऊक असलेले पोरही तिथून सुरुवात करू शकते. पुढचे गणित ते मांडेल. पण आधी त्याला पटापर्यंत पोहोचू द्या!