दारात दिलेला शब्द

शिरपूरला आमच्या घरी दुपारी दोन विक्रेते आले. आजीने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी ते पाणी पेल्यात ओतून त्यात विजेच्या सळया बुडविल्या. पाणी तांबडे झाले! 'हे विष नातवाला पाजता?' झाले, शुद्धीकरण यंत्राच्या कागदावर आजीचा अंगठा उमटला आणि कापूस वेचणीचे दोन हजार आगाऊ गेले.

तो रंग पाण्याचा नव्हेच, सळईच्या लोखंडाचा. पाण्यातील क्षारांमुळे वीज वाहते व लोखंड झिजते. क्षार काढलेल्या पाण्यात ती फारशी वाहत नाही, म्हणून यंत्राचे पाणी स्वच्छ दिसते. आजीला हे पटले. पण सौदा मोडायचा? 'सबद दिधा, आते नही कसं म्हनू?'

माझ्या मते खरी पकड कागदाची नव्हे, या शब्दाची आहे. अमेरिकेत १९७४ पासून दारात झालेला बहुतेक सौदा तीन कामकाजाच्या दिवसांत विनाकारण मोडता येतो. आपल्याकडे थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांत पूर्वपरवानगीशिवाय घरी येण्यास मनाई आहे. परंतु फेरविचाराची सरसकट मुदत नाही. ती हवीच. शब्द पाळणाऱ्यालाच तिची गरज. बेइमान काय, तसाही फिरतो.

१८७२ च्या करार कायद्याप्रमाणे फसवून घेतलेली संमती रद्द करता येते. 'खोटे आधी ते बोलले,' असे म्हटल्यावर आजी राजी झाली. मी पत्र लिहिले, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविली. पैसे अद्याप यायचे आहेत. पत्रावर अंगठा देण्यापूर्वी मात्र आजीने मला ते दोनदा वाचायला लावले.