आधी किंमत सांगा, मग ग्राफिक्स!

आमच्या कॅन्टीनमध्ये दोन वाद कधीच मिटत नाहीत. एक म्हणजे वडापावबरोबर चटणी कुठली, आणि दुसरा म्हणजे कुठल्या कन्सोलचे ग्राफिक्स भारी. पहिल्या वादात मी पडत नाही. दुसऱ्यात मात्र हमखास पडते, आणि मग "तू मुलगी असून गेम खेळतेस?" हा ठरलेला प्रश्न येतोच. हो, खेळते. भरपूर खेळते! पण ई अँड टीसीची विद्यार्थिनी असल्यामुळे स्क्रीनवरच्या चित्राइतकंच त्या डब्यातल्या बोर्डाबद्दलही मला कुतूहल वाटतं. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी थोडं 'मिक्स व्हेज' आहे, तेवढं सांभाळून घ्या.)

या वादात सगळे टेराफ्लॉप्स, फोर-के आणि फ्रेम रेटवर तावातावाने बोलतात. किंमतीचा विषय निघाला की मात्र "ते मार्केटिंगवाल्यांचं काम" म्हणून उडवून लावतात. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. किंमत हे इंजिनिअरचंच काम आहे. कन्सोल डिझाइन करताना किंमत हे पहिलं स्पेसिफिकेशन असायला हवं. ज्यांनी ते शेवटच्या पानावर ढकललं त्यांना ते बहुतेक वेळा महागात पडलंय. हे मी मनाचं सांगत नाही, मागच्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहासच बघा.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. पीसीचं ग्राफिक्स कार्ड जुनं झालं तर काढून नवं टाकता येतं. कन्सोलचं तसं नाही. एकदा डिझाइन ठरलं की पुढची सहा-सात वर्षं तोच चिप, तेवढीच मेमरी. आणि तोच डबा कोट्यवधींच्या संख्येने बनवायचा. म्हणजे बोर्डावर एक डॉलरचा पार्ट जास्त लावला आणि दहा कोटी कन्सोल विकले, तर दहा कोटी डॉलर गेले! शिवाय यातल्या बऱ्याच कंपन्या डबा जेमतेम किंमतीला, कधीकधी तोट्यातच विकतात आणि कमाई गेम्समधून करतात. प्रिंटर स्वस्त आणि कार्ट्रिज महाग, तसलाच प्रकार.

आता २००६ सालाकडे येऊ. मी तेव्हा पाळण्यात होते, पण इंजिनिअरने अभ्यासावी अशी ती लढाई आहे.

सोनीने नोव्हेंबर २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ काढला. आत काय नव्हतं? सेल नावाचा खास प्रोसेसर, एनव्हिडियाचा ग्राफिक्स चिप, तेव्हा अगदी नवा असलेला ब्लू-रे ड्राइव्ह, आणि वर जुने गेम चालावेत म्हणून चक्क प्लेस्टेशन २ चे चिप्स. अमेरिकेत किंमत ठेवली ४९९ आणि ५९९ डॉलर. आयसप्लाय या संस्थेने तो डबा उघडून आतल्या पार्ट्सचा हिशोब मांडला, तेव्हा महागड्या मॉडेलचा खर्च ८४० डॉलरच्या आसपास निघाला. म्हणजे प्रत्येक डब्यामागे दोनशेहून जास्त डॉलर पाण्यात! त्या आर्थिक वर्षात सोनीच्या गेम विभागाला सुमारे २३२ अब्ज येनचा तोटा झाला.

त्याच महिन्यात निन्टेंडोने वी काढला, २४९ डॉलरला. आतला प्रोसेसर त्यांच्याच आधीच्या गेमक्यूबच्या घराण्यातला, फक्त क्लॉक ४८६ वरून ७२९ मेगाहर्ट्झवर नेलेला. चित्र साध्या टीव्हीच्या दर्जाचं, एचडी नाहीच. आमच्या कॅन्टीनमधल्या पंडितांनी त्याला हसून बाजूला केलं असतं. पण वाचलेला खर्च निन्टेंडोने लावला कुठे? हातातल्या कंट्रोलरमध्ये. त्यात हालचाल ओळखणारा सेन्सर बसवला, आणि कधी गेमला हात न लावलेले आजी-आजोबाही टीव्हीसमोर उभे राहून टेनिस खेळू लागले. वी दहा कोटींच्या वर खपला. प्लेस्टेशन ३ आणि त्याच पिढीतला एक्सबॉक्स ३६०, दोघेही नऊ कोटींच्या आतच राहिले.

मग सोनीचे इंजिनिअर मूर्ख होते का? अजिबात नाही. त्यांना किंमत कळत होती. सेलमध्ये आठ छोटे प्रोसेसर कोअर छापलेले होते, पण प्लेस्टेशनमध्ये वापरायचे सातच असं ठरवलं होतं. का? एवढ्या मोठ्या चिपमध्ये एखादा कोअर खराब निघण्याची शक्यता जास्त. आठही चांगले हवेत असा हट्ट धरला तर वेफरवरचे कितीतरी चिप्स कचऱ्यात जातात. एक कोअर सोडून दिला की तेच चिप्स 'पास' होतात. याला म्हणतात यील्डचा विचार. आपल्या व्हीएलएसआयच्या पुस्तकात यावर एक पान असतं, आणि आपण ते ऑप्शनला टाकतो!

सोनीचा भरवसा होता तो काळावर. दर दोन-तीन वर्षांनी ट्रान्झिस्टर लहान होतात. ९० नॅनोमीटरचा चिप ४५ वर नेला की कागदावर त्याचं क्षेत्रफळ चौथा हिस्सा होतं. एका वेफरमधून चौपट चिप्स, वीज कमी, हीटसिंक लहान, पॉवर सप्लाय लहान, खोकं लहान. झालंही तसंच. २००९ मध्ये आलेल्या स्लिम मॉडेलमध्ये सेल ४५ नॅनोमीटरचा होता आणि किंमत २९९ डॉलर. पण तोपर्यंत तीन वर्षं गेली होती.

सिलिकॉन स्वस्त होतं, पण सगळंच स्वस्त होत नाही, ही यातली खरी गोम आहे. मायक्रोसॉफ्टच्या २००१ सालच्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये प्रत्येक डब्यात हार्ड डिस्क होती. हार्ड डिस्कमध्ये मोटर, हेड, फिरणारी तबकडी... म्हणजे सगळा मेकॅनिकल कारभार. तिची साठवण दरवर्षी वाढते, पण सगळ्यात लहान डिस्कची किंमत एका मर्यादेखाली उतरतच नाही. शिवाय ग्राफिक्स चिप एनव्हिडियाकडून तयार विकत घेतलेला, त्याच्या भावावरून दोघांचं भांडण लवादापर्यंत गेलं. ग्राफिक्समध्ये तो एक्सबॉक्स प्लेस्टेशन २ पेक्षा सरस होता, यात वादच नाही. पण खपला सुमारे २.४ कोटी, आणि प्लेस्टेशन २ गेला १५ कोटींच्या पुढे. मायक्रोसॉफ्ट यातून शिकलं. एक्सबॉक्स ३६० च्या वेळी चिपचं डिझाइन स्वतःच्या ताब्यात ठेवलं आणि स्वस्त मॉडेलमधून हार्ड डिस्क काढून टाकली.

किंमत किती खाली येऊ शकते याचा पुरावा आपल्याकडे गल्लोगल्ली होता. १९८३ साली निन्टेंडोचा फॅमिकॉम जपानमध्ये १४,८०० येनला आला. त्याच्याच नकला आपल्याकडे 'टीव्ही व्हिडिओ गेम' म्हणून विकल्या गेल्या. मारिओ, कॉन्ट्रा, आणि '९९९९ इन वन'ची ती कॅसेट, ज्यात गेम खरे दहा-बाराच! मोठ्या भावंडांच्या माळ्यावर असा एखादा डबा सापडला तर उघडून बघा. आत बरेचदा एकच काळा, डांबराच्या थेंबासारखा ठिपका दिसतो. मूळ फॅमिकॉमचे वेगवेगळे चिप्स त्या एका ठिपक्याखाली जाऊन बसलेत.

आता या विषयातला माझा हिरो. गुनपेई योकोई, निन्टेंडोचे डिझायनर. त्यांचं तत्त्व असं होतं की मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्रज्ञान घ्या आणि ते नव्या जागी वापरा. त्यांच्या टीमने १९८९ मध्ये गेम बॉय काढला. स्क्रीन १६० गुणिले १४४, चार छटा, त्याही हिरवट. मागे लाइट नाही. किंमत सुमारे ९० डॉलर. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला, रंगीत आणि प्रकाशमान स्क्रीनवाला, दुप्पट किंमतीला. पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर, तोही रंगीत. शेजारी शेजारी ठेवले तर गेम बॉय बिचारा कॅल्क्युलेटरच वाटेल! पण गेम गिअर सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत संपवायचा. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून जास्त चालायचा. ज्या मुलाला सेलचे पैसे आईकडे मागावे लागतात त्याच्यासाठी कुठला गेम 'भारी'? गेम बॉय आणि त्याचं पुढचं कलर मॉडेल मिळून ११ कोटींच्या वर खपले. गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला. म्हणजे किंमत फक्त दुकानात एकदा मोजायची नसते, रोज वापरतानाही ती मोजावी लागते.

इथे समोरचा पक्ष म्हणेल, "मग काय, सगळ्यांनी हिरवट स्क्रीनच बघत बसायचं?" मुद्दा बरोबर आहे, आणि मी तो टाळणार नाही. स्वस्त म्हणजे आपोआप चांगलं असं मुळीच नाही. घराघरांत एचडी टीव्ही आले तसा वी जुनाट दिसू लागला. २०१२ मध्ये आलेला त्याचा वारसदार वी यू १.४ कोटीसुद्धा खपला नाही.

शिवाय ग्राफिक्सवर खर्च करून जिंकल्याचंही उदाहरण आहे. २०१३ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ४ साठी आठ जीबी जीडीडीआर५ ही महागडी, वेगवान मेमरी घेतली. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनमध्ये साधी डीडीआर३ घेतली आणि तिचा हळूपणा भरून काढायला चिपवरच ३२ एमबी वेगवान मेमरी बसवली. त्या मेमरीने चिपवरची जागा खाल्ली, त्यामुळे ग्राफिक्सचे युनिट सोनीच्या १८ विरुद्ध १२ च राहिले. शिवाय डब्यात किनेक्ट कॅमेरा सक्तीचा. परिणाम? एक्सबॉक्स ४९९ डॉलर आणि ग्राफिक्स कमी. प्लेस्टेशन ३९९ डॉलर आणि ग्राफिक्स जास्त! पुढच्याच वर्षी कॅमेरा काढून एक्सबॉक्सची किंमत उतरवावी लागली. म्हणजे प्रश्न 'खर्च करायचा की नाही' हा नाहीच. खर्च केलेला प्रत्येक डॉलर खेळणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत किंवा हातापर्यंत पोचतो का, हा प्रश्न आहे.

आणि जिथे वाचवायचं नाही तिथे वाचवलं तर काय होतं, तेही बघा. एक्सबॉक्स ३६० सोनीच्या एक वर्ष आधी बाजारात आला, ग्राफिक्सही झकास. पण चालू-बंद करताना चिप तापायचा, गार व्हायचा, आणि त्या ताणाने आतले सूक्ष्म जोड तुटायचे. मग समोर लाल दिव्यांचं कडं! जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी १०० कोटी डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढली. पार्ट्सच्या यादीत ही रक्कम कुठेच नव्हती.

आज हे सगळं जास्तच महत्त्वाचं झालंय. कारण ज्या नियमावर सोनीने २००६ मध्ये भरवसा ठेवला होता, तो आता थकलाय. चिप लहान होतो, पण नव्या प्रोसेसचे वेफर इतके महाग असतात की ट्रान्झिस्टरमागची किंमत पूर्वीसारखी पडत नाही. प्लेस्टेशन २ चार वर्षांत निम्म्या किंमतीला आला होता. प्लेस्टेशन ५ अमेरिकेत २०२० मध्ये ४९९ डॉलरला आला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ५४९ चा झाला. आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये तो ४९,९९० रुपयांना आला, नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला. जुना होतोय आणि महाग होतोय! पूर्वी मध्यमवर्गीय घरातला मुलगा म्हणायचा, "थांबू दोन वर्षं, स्वस्त झाला की घेऊ." ही सोय आता राहिली नाही. उलट निन्टेंडोने २०१७ मध्ये स्विचमध्ये एनव्हिडियाचा दोन वर्षं जुना मोबाइल चिप बसवला, आणि तो कन्सोल १५ कोटींच्या वर गेला. योकोईंचं तत्त्व जुनं झालेलं नाही, उलट आता त्याची खरी गरज आहे.

शेवटी आपल्याविषयी थोडंसं. आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 'कॉस्ट एस्टिमेशन' हे प्रकरण असतं. ते कधी लिहितात? सबमिशनच्या आदल्या रात्री, सीनियरच्या रिपोर्टमधून! व्हायवाला एक्स्टर्नल विचारतात, कुठला कंट्रोलर, किती बिट, किती मेगाहर्ट्झ. "हाच का, याहून स्वस्त का नाही?" हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. मला वाटतं हा प्रश्न सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर हवा. प्रत्येक ग्रुपने आधी एक आकडा लिहावा, या वस्तूची किंमत याच्यावर जाणार नाही म्हणून, आणि मग ब्लॉक डायग्रामला हात घालावा. पैशाला मर्यादा नसेल तर भारी ग्राफिक्स कोणीही देईल हो. ३०० डॉलरच्या आत काय बसतं आणि काय सोडायचं हे ज्याला ठरवता येतं, त्याला मी इंजिनिअर म्हणेन.

— टी.ई. (ई अँड टीसी)