एवढं मोठं घर कशाला?

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत वास्तुशांत झाली. ज्यांच्या घराची, त्या ताईंनी बावीस वर्षं लोकांना डबे पुरवले. सुरुवात बँकेतल्या दोन माणसांच्या डब्यांपासून. मग खानावळ, उन्हाळ्यात कुरडया-पापड, आता हाताखाली सात बायका. नव्या घराला दोन मजले, पुढे गॅलरी, गच्चीवर झोपाळा. जेवणं झाली, आहेर झाले, आणि परतताना आम्हा बायकांची कुजबुज सुरू. "माणसं अडीच आणि घर केवढं!" "कशाला हवं एवढं?" खरं सांगते, मीही त्यात होते. पहिलं वाक्य बहुतेक माझंच.

त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या माझ्या भाचीनं एका घराचे फोटो पाठवले. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला हडसन नदीच्या काठी अर्विंग्टन नावाचं गाव आहे. तिथला हा पांढरा, खांबांचा बंगला. नाव व्हिला लेवारो. खोल्या चौतीस, बांधकाम सुमारे वीस हजार चौरस फूट. फोटोखाली भाचीनं लिहिलं होतं, "मावशी, हे लोकांचे कपडे धुणाऱ्या बाईनं बांधलंय."

मग काय, दोन रात्री मी तिचीच गोष्ट शोधून वाचत बसले.

तिचं मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. जन्म २३ डिसेंबर १८६७ चा, लुइझियानातल्या डेल्टा गावच्या कापसाच्या मळ्यावर. आईवडील त्याच मळ्यावर गुलाम होते. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली, त्यामुळे घरातलं पहिलं मूल स्वतंत्र जन्मलं, ते ही सारा. स्वतंत्र म्हणायचं, पण कापूस वेचणं सुटलं नाही. सातव्या वर्षी आईबाप दोघंही गेले. बहिणीकडे राहायला गेली तर मेहुणा छळणारा. त्यातून सुटका म्हणून चौदाव्या वर्षी लग्न. १८८५ मध्ये मुलगी झाली, लेलिया. विसाव्या वर्षी ही विधवा. पदरात दोन वर्षांची पोर.

पुढे सेंट लुइस शहरात भाऊ न्हाव्याचं काम करायचे, त्यांच्या आसऱ्यानं ती तिथे गेली आणि धुण्याच्या टबात हात घातला. एकूण अठरा वर्षं तिनं लोकांचे कपडे धुतले. पोरीला शिकवायचं एवढं एकच डोक्यात.

आता इथे केसांची गोष्ट येते, आणि ती आपल्याला कळण्यासारखी आहे. त्या काळी तिच्यासारख्या बायकांच्या घरात नळ नव्हता. थंडीत महिना महिना डोक्यावरून पाणी नाही. कोंडा, खाज, वर कडक साबण. साराचे केस गळायला लागले, जागोजागी टक्कल पडलं. त्या काळी अॅनी टर्नबो मलोन नावाच्या बाईंचं केसांचं औषध दारोदार विकलं जायचं. सारा आधी तेच विकायची. हे मुद्दाम सांगते, कारण मोठ्या माणसाची गोष्ट सांगताना त्याच्या आधीची बाई आपण हमखास गाळतो. १९०५ मध्ये ती डेन्व्हरला गेली, स्वतःचं मलम काढलं. त्यात गंधक होतं, आणि गंधकाचा उपाय काही तिचा शोध नव्हे. डोकं नेमानं धुवा, टाळू स्वच्छ ठेवा, मग मलम लावा, ही पद्धत तिनं घरोघरी बसून करून दाखवली. १९०६ मध्ये चार्ल्स वॉकर यांच्याशी लग्न झालं आणि डबीवर नाव आलं मॅडम सी. जे. वॉकर. नवरा पुढे राहिला नाही, नाव राहिलं.

१९१० मध्ये वॉकरबाईंनी इंडियानापोलिसला कारखाना काढला. हजारो बायकांना त्यांनी विक्रीचं शिक्षण दिलं. धुणीभांडी करून जे मिळायचं त्याहून कितीतरी जास्त त्या कमवू लागल्या. टीकाही झाली. काळ्या बायकांना गोऱ्यांसारखे सरळ केस करायला शिकवते, असं म्हणत. टीका अगदीच खोटी नव्हती, गरम कंगवा त्यांच्याकडेही होताच. त्यांचं म्हणणं, मी केस वाढवते, सरळ करत नाही. गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती बघत वाढलेल्या आपण यावर काय बोलणार म्हणा!

१९१२ मध्ये शिकागोला काळ्या व्यापाऱ्यांची परिषद होती. बुकर टी. वॉशिंग्टन अध्यक्ष. बाईंना बोलायला वेळ देईनात. शेवटी त्या आपण होऊन उठल्या आणि सांगितलं, मी कापसाच्या शेतातून आले, तिथून धुण्याच्या टबाशी, टबापासून स्वयंपाकघरात, आणि तिथून धंद्यात मी स्वतःला स्वतःच बढती दिली. कारखाना बांधला तोही स्वतःच्या जमिनीवर. हे वाचताना मला डब्यांची रांग आठवली.

१९१६ मध्ये त्यांनी अर्विंग्टनला जागा घेतली. आसपास रॉकफेलरसारख्या धनिकांच्या इस्टेटी. एक काळी बाई इथे घर बांधतेय यावर गावातल्या लोकांचा विश्वासच बसेना. वास्तुविशारदही त्यांनी निवडला तो वर्टनर टँडी, न्यूयॉर्क राज्यातला परवाना मिळालेला पहिला कृष्णवर्णीय वास्तुविशारद. खर्च सुमारे अडीच लाख डॉलर. लेलिया वॉकर रॉबिन्सन या लेकीच्या नावाची पहिली अक्षरं जोडून "लेवारो" हे नाव सुचवलं ते प्रसिद्ध गायक कारुसो यांनी.

एवढं कशाला, हा प्रश्न त्यांनाही विचारला गेला असणारच. त्यांचं उत्तर होतं की आपल्या माणसांना दिसलं पाहिजे, काय करता येतं ते. मला हे उत्तर पटतं. लहान घरात राहून साधेपणाची शाबासकी मिळते, पण गल्लीतल्या पोरीला तिथे काय दिसतं? वडिलोपार्जित वाडा असलेल्या घराला आपण "एवढा मोठा कशाला" विचारत नाही. बाईनं स्वतः कमावून दोन खोल्या जास्त काढल्या की मात्र आपल्याला काटकसर आठवते.

बाई १९१८ मध्ये राहायला आल्या आणि २५ मे १९१९ ला तिथेच गेल्या. वय ५१. जेमतेम वर्षभराचं सुख. जाण्याआधी काळ्या लोकांना जमावानं ठार मारण्याच्या प्रकारांविरुद्ध लढणाऱ्या संस्थेला पाच हजार डॉलर दिले.

मग मंदी आली. लेकीनं १९३० मध्ये घरातलं सामान लिलावात काढलं. १९३१ मध्ये तीही गेली आणि घर ठरल्याप्रमाणे त्याच संस्थेकडे आलं, पण पोसणार कोण? १९३२ मध्ये ते बांधणीच्या खर्चाच्या मानानं अगदी स्वस्तात विकलं गेलं. पुढची पन्नासेक वर्षं तिथे वृद्ध स्त्रियांचा आश्रम होता. १९७६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंद झाली. १९९३ मध्ये हॅरोल्ड डोली यांनी घेतलं, जपलं, आणि २०१८ मध्ये ते न्यू व्हॉइसेस फाउंडेशनकडे गेलं. काळ्या स्त्री-उद्योजकांना बळ देणारी ही संस्था. विक्रीला निघालेल्या घराचं एवढं चांगलं क्वचितच होतं. नाहीतर जाहिरातीत संगमरवर आणि नदीचा देखावा लिहितात, धुण्याचा टब कोण लिहितं?

परवा मी ताईंकडे गेले. त्या दिवशी काय बोलले ते सांगून टाकलं. त्या हसल्या, "वहिनी, मला ऐकू आलं होतं." मग वॉकरबाईंची गोष्ट सांगितली. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "घर त्यांच्याच नावावर होतं ना?"

म्हटलं, "हो तर. तुमचं?"

त्या गप्प. प्लॉट सासऱ्यांच्या वेळचा, कर्जाचे कागद मुलानं केले, सह्या त्याच्या आणि वडिलांच्या. हप्ते मात्र डब्यांच्या पैशातून जातात. मी त्यांना सांगितलं की एप्रिल २०२१ पासून आपल्या राज्यात बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. "आता काय उपयोग," त्या म्हणाल्या. पण उठल्या, आणि कपाटातून फाइल घेऊन आल्या. आम्ही दोघी चष्मे लावून एकेक कागद बघत बसलो. घरपट्टीची पावती, लाइटबिल, नकाशा, कर्जाची कागदपत्रं. अख्ख्या फाइलीत त्यांचं नाव एकाच ठिकाणी सापडलं, गॅसच्या कार्डावर.

"ठेवू नका लगेच आत," मी म्हटलं. मुलगा सहा वाजता घरी येतो. फाइल अजून टेबलावरच होती.