विश्लेषण : लाकडी नौकेच्या डेकवर फायबरग्लासचा थर… संरक्षण की आतून कुजण्याचे निमित्त?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. कोकणात याच काळात नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि दुरुस्तीची कामे निघतात. गळक्या लाकडी डेकवर फायबरग्लासचा थर चढवणे, हे त्यातलेच एक काम. कोरड्या लाकडावर हा थर डेक वाचवतो. ओल्या लाकडावर चढला तर तोच डेक कुजवतो. अडचण अशी की, दुरुस्तीला मिळणारे दिवस नेमके पावसाचे असतात.

डेक कुजतो कशाने?

नौकेचा तळ खाऱ्या पाण्यात असतो. तिथे मोठा धोका लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांचा. डेकचे दुखणे वेगळे. मीठ बुरशीला रोखते, गोडे पाणी तिला पोसते. पावसाचे आणि मासळीवरच्या बर्फाचे पाणी फळ्यांच्या सांध्यांत, खिळ्यांच्या भोकांत मुरते. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी वाढू लागते.

थर नेमका काय करतो?

काचेच्या तंतूंचे कापड रेझिनमध्ये भिजवून लाकडावर बसवले जाते. ताकद कापड देते, पाणी रेझिन अडवते. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त असते, पण घट्ट होताना आकसते आणि लाकडाला त्याची पकड कमी असते. इपॉक्सी महाग, पण पकड बरीच चांगली. मात्र ते उन्हाने खराब होते, म्हणून वरून रंग लागतोच. सागासारख्या तेलकट लाकडावर दोन्ही रेझिनची कसोटी लागते.

प्रत्येक डेकला तो चालतो का?

नाही. सुट्या फळ्यांचा डेक ओलावा, ऊन आणि लाटांच्या माराने सतत हलतो. त्यामुळे थराला सांध्यांवरच तडे जातात. तड्यातून पाणी आत शिरते, पण वाफ होऊन बाहेर पडत नाही. वरून डेक चकचकीत दिसतो आणि खाली लाकूड भुसभुशीत होत जाते. प्लायवूडचा डेक फारसा हलत नाही. त्यावर थर अधिक टिकतो.

पावसाळ्यात अडचण काय?

थर चढवण्याआधी लाकडात साधारण १५ टक्के किंवा त्याहून कमी ओलावा हवा. हवेतील आर्द्रता ८५ ते ९० टक्के असली की छपराखालचे लाकूडही सुमारे १७ ते २० टक्के ओलावा धरते. म्हणजे ताडपत्रीखाली ठेवलेला डेक हाताला कोरडा लागला, तरी कामाला तयार नसतो. शिवाय दमट हवेत इपॉक्सीवर चिकट पापुद्रा येतो. तो धुऊन न काढता पुढचा थर दिला तर दोन्ही थर सुटे होतात.

मग मालकाने काय करावे?

हातोडीने ठोकून बद्द आवाज येणाऱ्या फळ्या आधी बदलाव्यात, झाकू नयेत. जुना रंग आणि डांबर लाकूड दिसेपर्यंत खरवडावे. ओलावा मोजण्याचे यंत्र वापरावे. कोपऱ्यात छोटा तुकडा चिकटवून घट्ट झाल्यावर उपटून पाहावा. त्याला लाकडाचे तंतू चिकटून आले तर पकड चांगली, कोरा निघाला तर काम थांबवावे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या लाकडाची होडी बनवतानाही आधी लाकडावर संरक्षक रसायनांची प्रक्रिया केली, मग फायबरग्लासचे आवरण दिले. क्रम महत्त्वाचा आहे.

हिशेब काय सांगतो?

कोरड्या हंगामात, म्हणजे डिसेंबर ते मेदरम्यान, नौका वर घेतली तर मासेमारीचे दिवस बुडतात आणि खलाशांची कमाईही. जुलैमध्ये घाईने थर चढवला तर पैसे आज वाचतात, पण दोन-चार हंगामांनी थर आणि डेक दोन्ही उखडावे लागू शकतात. पावसाळ्यात सुतारकाम उरकून थराचे काम कोरड्या दिवसांवर ठेवणे हा मधला मार्ग आहे. तोवर डेकच्या सांध्यांची डागडुजी करून भागवता येते.