वेड पांघरून पेडगावला

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ या वाक्प्रचारातले पेडगाव भीमाकाठचे, असे मानतात. आमचे पेडगाव परभणी जिल्ह्यातले. तरीही चाळिशी उलटल्यावर मी परभणीला जाऊन भारोत्तोलन शिकू लागलो, तेव्हा हा वाक्प्रचार मला वेगळ्या अर्थाने भेटला. ठाऊक असून नसल्याचे सोंग आणणे सोपे आहे. अंगवळणी पडलेले खरोखर विसरणे कठीण.

पोती वाहणारे हमाल लहानपणापासून पाहिल्यामुळे वजन उचलायला ताकद लागते, एवढेच मी गृहीत धरले होते. पण पहिले काही आठवडे माझ्या हाती लाकडी काठीच होती. 20 किलोचा बार पुष्कळ नंतर आला. प्रशिक्षक वयाने माझ्याहून लहान. ते एकच सांगत, “सर, हातांनी ओढू नका.” स्नॅचमध्ये बार अंगालगत ठेवून पायांनी जमीन रेटायची, कंबर पूर्ण ताठ होईपर्यंत कोपर वाकवायचे नाहीत आणि मग झटक्यात बाराखाली उकिडवे बसायचे. भार वर जातो त्याहून महत्त्वाचे आहे ते आपण खाली जाणे. शेतात उकिडवे बसणाऱ्यांचे घोटे हे सहज करतात. खुर्चीवर बसून शिकवणाऱ्या माझे घोटे अडले.

या वयात हे कशाला, असा प्रश्न येतोच. सांगलीच्या संकेत सरगरने 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात एकूण 248 किलो उचलून रौप्यपदक मिळवले. क्लीन अँड जर्कमध्ये कोपर दुखावले आणि सुवर्ण एका किलोने हुकले. त्याच्या लेखी त्या एका किलोसाठी पत्करलेल्या धोक्याला अर्थ होता. माझ्यापुढे पदक नाही. मग घाईने चढवलेला प्रत्येक किलो निव्वळ अहंकाराचा ठरतो. प्रौढ नवशिक्याची खरी कमाई वजन नव्हे, रीत आहे, असे माझे मत आहे.

साहित्याच्या वर्गात आपण काय करतो? कवितेची एक ओळ सावकाश वाचता येण्याआधीच विद्यार्थ्याच्या खांद्यावर सिद्धान्तांची पोती ठेवतो. तो वाकला, की त्याला दुबळा म्हणतो. त्याच्या हाती आधी काठी द्यायला हवी. पण त्यासाठी शिक्षकाने स्वतः एकदा तरी नवशिक्या होऊन पाहिलेले असावे.