सालगडी आणि शास्त्रज्ञ

बुद्धिमंतांचे परदेशगमन हा आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धांचा आवडता विषय आहे. एक वक्ता परदेशी गेलेल्या शास्त्रज्ञांना आणि इंजिनियरांना कृतघ्न ठरवितो, दुसरा त्यांच्या वैभवाचे गोडवे गातो. टाळ्या दोघांनाही मिळतात. परंतु हा माणूस तिकडे कोणत्या कागदावर जातो, याची चौकशी कोणीच करीत नाही. मला तो कागदच महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेने १९६५ साली कायदा बदलून आशियातील कुशल माणसांना दार उघडले. त्यापूर्वी भारताच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम शंभर जागा येत. आज तिकडे नोकरीला जाण्याची मुख्य वाट म्हणजे एच-वन-बी व्हिसा. त्याचा अर्ज नोकरी करणारा करीतच नाही, त्याचा मालक करतो. विद्यापीठे वगळली तर अशा नव्या जागा वर्षाला ८५,०००, आणि त्याही सोडतीने. मुदत तीन वर्षे, वाढवून सहा. नोकरी सुटली तर साठ दिवसांत असा नवा मालक शोधायचा की जो पुन्हा अर्ज करील. नाही मिळाला तर बहुधा बिऱ्हाड गुंडाळायचे.

माझे वडील सालगडी आहेत. गुढीपाडव्याला मालकाशी बोली होते, उचल घेतली जाते, आणि मग पुढच्या पाडव्यापर्यंत माणूस त्या वावराचा. मध्येच दुसरा मालक धरायचा तर आधी पहिल्याची उचल फेडावी लागते. म्हणून व्हिसाचे हे नियम मला कोणी समजावून सांगावे लागले नाहीत. पगाराच्या बाबतीत हे दोघे एका पंक्तीला बसूच शकत नाहीत, हे कबूल. पण दोरी दोघांच्याही पायात आहे.

ही दोरी सुटते ती कायम वास्तव्याच्या ग्रीन कार्डाने. नोकरीच्या आधारावर अशी सुमारे १,४०,००० कार्डे वर्षाला मिळतात, त्यात बायकामुलेही आली, आणि एका देशाच्या वाट्याला साधारणपणे सात टक्केच. साहजिकच भारतीयांची रांग अनेक वर्षांची झाली आहे. नामवंत संशोधकाला मात्र स्वतः अर्ज करता येतो. पारितोषिके, शोधनिबंध, जाणकारांची पत्रे जोडून आपण त्या देशाच्या उपयोगाचे आहोत, हे त्याने सिद्ध करायचे! सप्टेंबर २०२५ मध्ये तर तेथील राष्ट्राध्यक्षांनी बाहेरून येणाऱ्यांसाठीच्या नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरांचा आकार बसविला. एकोणिसाव्या शतकात आपल्या हिंगणघाटचा कापूसही असाच प्रत पाहून विलायतेला जात असे. कापसाला परत यायचे नसते, एवढाच फरक.

परत येण्याचे काय? वर्ध्याला जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले आणि मेक्सिकोतील चापिंगोच्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी मक्यावर संशोधन केले. इंग्रज सरकारने त्यांची परतीची वाट अडविली होती. ते स्वातंत्र्यानंतरच मायदेशी आले. २०२२ साली चापिंगोला त्यांचा पुतळा उभा राहिला. आपल्या वर्गात त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

आज इंग्रज नाही. परतणाऱ्यांच्या तात्पुरत्या सोयीसाठी १९५८ सालीच शासनाने ‘वैज्ञानिक पूल’ योजना काढली होती. जयंत नारळीकर १९७२ साली केंब्रिज सोडून आले, तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांच्यासाठी प्राध्यापकाची जागा होती. पण प्रत्येक जण नारळीकर नसतो. सामान्य संशोधकाला रामलिंगस्वामी फेलोशिपसारखी पाच वर्षांची योजना मिळते. पुढे कायम पदाची हमी नाही. म्हणजे तिकडचे साल सोडून इकडचे साल धरायचे! अशा माणसाला कृतघ्न म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

पुढील वर्षीच्या स्पर्धेसाठी मी एक विषय सुचवितो: ‘राज्यातील विद्यापीठांतील रिक्त पदे’. टाळ्या कदाचित कमी पडतील.